कॉन्व्हेंटमधले नाटक आणि आपली मुले

मुलाला कॅथलिक शाळेत प्रवेश मिळावा म्हणून धडपडणारे पालक आज आपल्या समाजातही कमी नाहीत. कारण विचारले की ठरलेले उत्तर येते, 'तिथे इंग्रजी चांगले होते.' परंतु या शाळांतला विद्यार्थी चारचौघांत न अडखळता बोलतो, याचे सारे श्रेय इंग्रजीला देणे बरोबर नाही. त्यात नाटकाचाही मोठा वाटा आहे.

ही परंपरा जुनी आहे. जेझुइट पाद्र्यांनी 1599 मध्ये आपल्या शाळांसाठी जी शिक्षणसंहिता पक्की केली, तिच्यात नाटकाला जागा होती. नाटक लॅटिनमध्ये हवे, विषय धार्मिक हवा, स्त्रीपात्र नको, अशी बंधने होती; पण मुलाने रंगमंचावर उभे राहावे, पाठांतर करावे, आवाज लावावा हे मान्य होते. पुढे काय झाले? पॅरिसच्या जेझुइट शाळेत शिकलेल्या मोलिएरने 1664 मध्ये 'तार्त्युफ' नाटकातून धार्मिक ढोंगाची लक्तरे टांगली आणि त्याच्यावर बंदी ओढवली. व्हॉल्तेर त्याच शाळेचा. त्याने तर धर्मांधतेवर आयुष्यभर आसूड ओढला. एकदा बोलायला शिकवलेली जीभ शिकवणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही, ती प्रश्न विचारू लागते! आपल्या देशात नसीरुद्दीन शाह यांनी अजमेरच्या कॅथलिक शाळेत असतानाच शेक्सपिअरचा शायलॉक रंगवला. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला आपली वाट सापडली ती रंगमंचावर.

आपल्याला हे नवे आहे काय? महात्मा जोतीराव फुले यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' लिहिले. जोशीबुवाने नाडलेले कुणबी जोडपे, त्यांना समजावणारा पाद्री आणि शेवटी शाळेची वाट धरणारे तेच जोडपे, असे हे नाटक. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. पुढे आंबेडकरी जलशांनी बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत नेला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगभूमीवर आणले. दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी यांची नाटके याच मातीतली. शाळा आणि नाटक यांचे नाते आपल्या चळवळीने केव्हाच ओळखले होते.

मग प्रश्न असा की आज आपली बहुसंख्य मुले जिथे शिकतात तिथे काय चालले आहे? शिक्षण हक्क कायद्यातील 25 टक्के राखीव प्रवेशाच्या बंधनातून सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये विनाअनुदानित आणि 2014 मध्ये सर्वच अल्पसंख्याक शाळांना वगळले. त्यामुळे कॉन्व्हेंटचे ते दार गरिबाला उघडले नाही. फी भरून जो आत जातो, त्याच्या वाट्याला कोणती भूमिका येते? राजा गोरा आणि पहारेकरी काळा, ही वाटणी कोण करतो? आणि जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या शाळेत नाटक म्हणजे वर्षातून एकदा गॅदरिंग, त्यातही सिनेमाच्या गाण्यांवर नाच.

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मान खाली घालून 'जोहार' म्हणायला लावले, त्यांच्या लेकरांना मान वर करून बोलण्याचा सराव हवा आहे. तो गणिताइतकाच गरजेचा आहे. म्हणून मागणी स्पष्ट असावी. सामाजिक न्याय विभागाच्या निवासी शाळांत, आश्रमशाळांत आणि पालिका शाळांत आठवड्याला नाटकाचा तास आणि प्रशिक्षित नाट्यशिक्षक मिळालाच पाहिजे. कॅथलिक संस्थांनीही भूमिका देताना मुलाचा रंग, आडनाव आणि उच्चार पाहू नयेत. 'तृतीय रत्न' आपल्या रंगमंचावर आणावे.

सरकार जागे होईपर्यंत आपण थांबायचे कारण नाही. गावोगावी बुद्धविहारे आहेत, रविवारची सकाळ मोकळी आहे, आपल्या नाट्यकर्मींची फळी उभी आहे. सतरंजी अंथरा, मुलांना उभे करा, बोलते करा. मुक्या समाजाला बाबासाहेबांनी वाचा दिली. ती धारदार ठेवण्याची जबाबदारी आता आपली आहे.