सर्च मंदावला म्हणून कॉम्प्युटर बदलू नका. आधी 'इंडेक्स' तपासा

ऑनलाइन अर्जाची मुदत आज रात्री बाराला संपणार आहे. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची पीडीएफ कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढं नक्की आठवतंय. सर्चच्या चौकटीत नाव टाकलं की वरची पट्टी मुंगीच्या गतीनं सरकत राहते आणि पाच मिनिटांनी उत्तर येतं, काहीही सापडलं नाही. मग घरातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "जुना झालाय हा डबा, आता नवा घ्या."

हा निकाल घाईचा आहे. सर्च मंद असणं आणि कॉम्प्युटर मंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं कारण बऱ्याचदा एका सेटिंगमध्ये असतं. ते दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, थोडा वेळ लागतो. म्हणून नव्या मशीनचा किंवा 'पीसी फास्ट करणाऱ्या' सॉफ्टवेअरचा खर्च करण्याआधी खालच्या गोष्टी तपासाच.

इंडेक्स म्हणजे नेमकं काय?

घर घेतलेल्यांना 'इंडेक्स टू' माहीत असतो. घर कुणी विकलं, कुणी घेतलं, मिळकत कोणती, हे त्या एका कागदावर कळतं; पूर्ण दस्त चाळावा लागत नाही. विंडोजचा सर्च याच तत्त्वावर चालतो. कोणती फाइल कुठे आहे, तिचं नाव काय, तिच्यात कोणते शब्द आहेत, याची नोंद तो आधीच करून ठेवतो. या नोंदवहीला इंडेक्स म्हणतात. तुम्ही शब्द टाकला की विंडोज फाइल उघडत बसत नाही, नोंदवही पाहतो.

नोंदवहीत जी जागा नाही, तिथे मात्र प्रत्येक फोल्डर उघडून पाहावा लागतो. जुन्या हार्ड डिस्कवर हे फार महागात पडतं. मिनिटाला 5400 फेरे मारणाऱ्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायलाच सुमारे 11 मिलिसेकंद लागतात. इकडेतिकडे विखुरलेल्या प्रत्येक फाइलपर्यंत पोहोचायला सरासरी 12 मिलिसेकंद धरले, तर एक लाख फाइल उघडून पाहायला 20 मिनिटं होतात. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे हेच काम कितीतरी लवकर उरकतं.

आपली 'डी ड्राइव्ह'ची सवय

आपल्याकडे कॉम्प्युटर घेतला की दुकानदार डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि बजावतो, "महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा. फॉरमॅट मारला की सी जाईल, डी राहील." सल्ला चुकीचा नाही. पण विंडोजचा इंडेक्स सुरुवातीला 'क्लासिक' पद्धतीवर असतो आणि मुख्यतः डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागाच नोंदवतो. म्हणजे आपण आयुष्याची कागदपत्रं जिथे ठेवतो, नेमकी तीच जागा नोंदवहीबाहेर राहते. पेन ड्राइव्ह आणि ऑफिसच्या नेटवर्कवरचे फोल्डरही आपोआप नोंदवले जात नाहीत.

दुसरा घोळ 'कॉम्प्युटर सुपरफास्ट करा' छापाच्या व्हिडिओंचा. त्यातला एक ठरलेला सल्ला असतो : 'विंडोज सर्च' ही सर्व्हिस बंद करून टाका. ती पहिल्यांदा नोंदी करताना डिस्कवर ताण येतो, हे खरं. पण तुम्ही काम करत असताना ती स्वतःच मागे सरते आणि पहिली फेरी संपली की फक्त बदललेल्या फाइल नोंदवते. ती कायमची बंद करणं म्हणजे लायब्ररीत गर्दी नको म्हणून कार्डांचे खण फेकून देणं. पुढे पुस्तक सापडत नाही म्हणून लायब्ररीलाच दोष!

काय तपासाल?

1. सर्व्हिस चालू आहे का? स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' उघडा आणि यादीत 'विंडोज सर्च' शोधा. स्थिती 'रनिंग' हवी. 'डिसेबल्ड' दिसलं, तर स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' करून ती सुरू करा. मशीन ऑफिसचं असेल, तर आधी आयटी विभागाला विचारा.

2. फाइल ठेवता ती जागा इंडेक्समध्ये आहे का? विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'सर्चिंग विंडोज' (काही आवृत्त्यांत फक्त 'सर्च') असं जा. 'एन्हान्स्ड' निवडलं की पूर्ण कॉम्प्युटर नोंदवला जातो. तेवढं नको असेल, तर 'क्लासिक' ठेवून कंट्रोल पॅनेलमधल्या 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये फक्त डी ड्राइव्हमधला तुमचा फोल्डर जोडा. जुन्या मशीनसाठी मी दुसरा पर्याय सुचवेन.

3. नोंदी किती झाल्यात? 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये वरच आकडा दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार 4 लाखांपुढे गती घसरू लागते आणि 10 लाख ही वरची मर्यादा आहे. कोडिंग करणाऱ्यांच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये हजारो बारीक फाइल असतात. ते फोल्डर वगळा.

4. इंडेक्स बिघडलाय का? असलेली फाइलही सापडत नसेल, तर 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' आणि तिथे 'रीबिल्ड' दाबा. तुमच्या फाइलना धक्का लागत नाही, फक्त नोंदवही नव्यानं लिहिली जाते. याला काही तास लागू शकतात. लॅपटॉप चार्जरला लावून रात्रभर चालू ठेवा आणि तोवर सर्चवर राग काढू नका.

5. नको तिथे मजकूर शोधला जातोय का? फोल्डर ऑप्शन्सच्या 'सर्च' टॅबमध्ये नेहमी फाइलच्या नावासोबत मजकूरही शोधण्याची खूण असते. ती असेल, तर इंडेक्स नसलेल्या जागी प्रत्येक फाइल आतून वाचली जाते. गरज नसेल तर खूण काढा.

फक्त नावावरून फाइल शोधायची असेल, तर 'एव्हरीथिंग' हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उपयोगी आहे. विंडोजच्या डिस्कवर फाइलच्या नावांचा जो तक्ता आधीपासून असतो, तोच ते वाचतं. म्हणून नाव टाइप करता करता उत्तर येतं. ते निर्मात्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

मराठी फाइल का सापडत नाही?

मराठी मजकुराच्या बाबतीत गतीपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. त्यामुळे 'भाडेकरार' शोधलं, तर कॉम्प्युटरच्या दृष्टीनं तो शब्द त्या फाइलमध्ये नसतोच. कितीही महागडं मशीन आणलं तरी तो सापडणार नाही. वकिलांची, डीटीपीवाल्यांची, सोसायट्यांच्या इतिवृत्तांची वर्षानुवर्षांची कामं अशी अडकून पडली आहेत. महत्त्वाच्या फाइल तरी युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हव्यात.

स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तेच. ते कागदाचं छायाचित्र असतं. अक्षरओळख म्हणजे ओसीआर केल्याशिवाय त्यातले शब्द सापडत नाहीत. सर्वांत सोपा उपाय म्हणजे फाइलला नीट नाव देणं. 'स्कॅन 0023' ऐवजी 'आई – उत्पन्न दाखला – 2025' असं लिहिलं, तर अर्धं काम तिथेच झालं.

दोष फक्त आपला नाही

एवढं सगळं तपासायची वेळ सामान्य माणसावर यावी का, हाही प्रश्न आहे. डी ड्राइव्हमध्ये शोधताना 'ही जागा इंडेक्समध्ये नाही, जोडायची का?' असं ठळकपणे विचारणं कंपनीला अवघड नाही. उलट स्टार्टच्या सर्चमध्ये घरच्या फाइलसोबत इंटरनेटवरचे निकाल मिसळले जातात. त्याची किंमत 5 फेब्रुवारी 2020 रोजी दिसली. सर्व्हरच्या बाजूनं झालेल्या अडचणीमुळे त्या दिवशी जगभर अनेकांच्या विंडोज 10 मधला सर्च कोरी चौकट दाखवत होता. आपल्याच टेबलाच्या खणातला कागद काढायला बाहेरच्याची परवानगी लागावी, तसा हा प्रकार.

युरोपीय देशांत डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मायक्रोसॉफ्टला विंडोजच्या सर्चमधून बिंगचे निकाल काढून टाकण्याची सोय वापरकर्त्यांना द्यावी लागली. म्हणजे तांत्रिक अडचण नाही, इच्छेचा प्रश्न आहे. तशीच साधी, सेटिंग्जमध्ये दिसणारी सोय भारतातल्या ग्राहकालाही मिळायला हवी.

मग खर्च कधी करायचा?

वरचं सगळं करूनही सर्चसोबत कॉम्प्युटर सुरू होणं, फाइल उघडणं असं सारंच रखडत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवा. पूर्ण मशीन बदलण्यापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र रीबिल्डच्या भानगडीत पडू नका. आधी महत्त्वाच्या फाइलची दुसरीकडे प्रत काढा. अशा डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करणं म्हणजे फाइल कायमची गमावण्याची तयारी.

दुरुस्तीवाल्याकडे मशीन नेलंच, तर त्याला थेट विचारा : सर्व्हिस चालू आहे का, डी ड्राइव्ह इंडेक्समध्ये आहे का, डिस्कची तब्येत कशी आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं न देता जो 'नवा घ्या' म्हणतो, त्यानं तुमचा कॉम्प्युटर अजून तपासलेलाच नाही.