चार कोटी अंकांची संख्या कशासाठी?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरंट यांनी तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या शोधली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ती मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत; १ आणि ती स्वतः सोडल्यास तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही.

अशा शोधांमुळे ऑनलाइन व्यवहार अधिक सुरक्षित होतात, हा समज चुकीचा आहे. आरएसए पद्धतीच्या सांकेतिक कुलुपाला साधारण ३०० अंकी दोन मूळ संख्या पुरतात. पण त्या गुप्त असाव्या लागतात. साऱ्या जगाला ठाऊक असलेली किल्ली काय कामाची?

मग हाती काय लागले? या प्रकारच्या संख्यांना फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांचे नाव आहे. घातांक मूळ असला तरी उत्तर मूळ असतेच असे नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७. त्याला २३ ने भाग जातो. म्हणून घातांक एकेक करून तपासावे लागतात. ही ५२ वी ज्ञात मर्सेन मूळ संख्या. त्या अनंत आहेत का, हे अजून सिद्ध झालेले नाही.

या तपासणीत यंत्राची एक चूकही सारे उत्तर बिघडवते. म्हणूनच ती संगणकाची कठोर कसोटी ठरते. याच शोधमोहिमेच्या सॉफ्टवेअरमुळे २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष उघडकीस आला होता. आपल्याला होणारा फायदा आहे तो असा.