उपकाराची बाकी

२००८ च्या पुनर्रचनेत बीड जिल्ह्यातला चौसाळा नावाचा विधानसभा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. सत्ता म्हणजे फक्त खुर्ची असती, तर या पंचक्रोशीतले वजन त्या वर्षी तरी इकडचे तिकडे झाले असते. तसे झाले नाही. कारण बालाघाटाच्या कोरडवाहू रानातल्या माणसावर ज्याचा शब्द चालतो, तो कुठूनच निवडून आलेला नसतो. तो असतो ऊसतोडीचा मुकादम. पावसाळ्यात घर रिकामे असताना तो हातात उचल ठेवतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी गाडीत बसवून पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे धाडतो.

मुकादम म्हटले की दमदाटी आठवते, आणि ती होतेही. पण निव्वळ धाकावर दरसाल लाखो माणसे घराला कुलूप लावत नाहीत. धाक एखादा हंगाम पुरतो. पुढच्या हंगामाला माणूस आपल्या पायाने येतो तो उपकारापोटी. मुलीचे लग्न, बाळंतपण, कोरडी गेलेली बोअर. अशा वेळी बँक सातबारा मागते, जामीनदार मागते, सोमवारी या म्हणते. मुकादम रात्री फोन उचलतो. त्याच्या वहीत रक्कम लिहिली जाते, घेणाऱ्याच्या मनात मात्र ‘अडीनडीला उभा राहिला’ एवढेच उरते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी देण्याघेण्यावरच्या १९२५ च्या निबंधात नेमके हेच सांगितले: देणे वरून खुशीचे दिसते, पण परतफेड टाळता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन २० टक्के ठरले. म्हणजे टनामागे सुमारे ७३ रुपये. उपकाराचा मोबदला वसूल होतो आणि उपकार शिल्लकच राहतो. इतका बिनतोड धंदा सावकारालाही जमला नव्हता. त्यात नवरा-बायको मिळून हिशेबात एकच ‘कोयता’. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, फेड दोघांच्या अंगमेहनतीतून होते. जिने मागितले नाही, तीही मिंधी.

यावर मुकादमाची बाजू मांडली जाते, आणि ती खोटी नाही. तोही कारखान्याकडून, वाहतूकदाराकडून पैसा उचलतो. टोळी पळाली तर तो बुडतो. पण त्याचा बुडतो तो पैसा. कोयत्याची बाकी फिरली तर पुढचा अख्खा हंगाम आधीच विकला जातो. दुसरा आक्षेप, मजूर स्वखुशीने उचल घेतो, मुकादम बदलतोही. खरे आहे. मात्र कोणाकडून घ्यायची एवढेच त्याच्या हाती असते. घ्यायची की नाही हे ऑगस्टमधली रिकामी कणगी ठरवते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे हीच वेठबिगारी मानली आहे. तरी तक्रार करायला माणूस पुढे येत नाही, कारण कायदा ज्याला गुन्हेगार म्हणतो त्याला हा माणूस आपला म्हणतो. त्याला अडाणी ठरवण्याआधी दुसरे कोण त्याच्या दारात आले होते, हे विचारायला हवे.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. दोन्ही गरजेची. पण मुकादमाची पकड सैल करायची तर त्याच्या वेळेला, त्याच्याइतक्या कमी कागदांत पैसा देणारा दुसरा हात लागेल. तो उभा राहीपर्यंत निदान एक गोष्ट उद्याही करता येईल. किती उचल, किती टन तोड, किती खाडे, किती बाकी, हे सगळे आज मुकादमाच्या वहीत असते. त्या वहीची दुसरी प्रत, नवऱ्याच्या आणि बायकोच्या दोघांच्याही नावाने, गाडीत चढण्याआधी कोयत्याच्या घरी ठेवली जावी.