शेर-का-डांडाचा हरवलेला लावा

बालमित्रांनो, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मातीचे किल्ले बांधत होता, तेव्हा तुमच्या या बाई कुठे होत्या ठाऊक आहे? कुमाऊँच्या डोंगरात, कानटोपी घालून, पहाटे साडेपाचला कुडकुडत उभ्या! गळ्यात दुर्बीण आणि खिशात चकलीचे तुकडे.

काठगोदामला रेल्वे संपते. पुढे वळणावळणाचा घाट चढून नैनिताल आणि तिथून साधारण १५ किलोमीटरवर पंगोट नावाचं चिमुकलं खेडं. पावसाळा सरल्यावर तिथली हवा अशी धुतल्यासारखी होते की, उत्तरेला त्रिशूळ आणि नंदादेवीची शिखरं हाताला लागतील असं वाटतं.

शरदात तिथं एक गंमत चालते बरं का! वरच्या डोंगरांवर बर्फ पडू लागतं, किडे मिळेनासे होतात, मग पक्षी खाली उतरू लागतात. स्थलांतर म्हणजे हजारो मैलांचा प्रवास, असं आपण पुस्तकात वाचतो. पण यांतले कितीतरी पक्षी फक्त डोंगर उतरतात. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर, हिवाळ्यात तळमजल्यावर!

बांजाच्या जंगलात (बांज म्हणजे तिकडचा ओक) आम्ही अर्धा तास चाललो, पण एक पक्षी दिसेल तर शपथ. मी कंटाळून चकली काढली आणि अचानक सगळं झाड हलू लागलं. चिमणीहून लहान टिट, खोडावरून डोकं खाली करून उतरणारा शिलींध्री, ठकठक करणारा सुतार, सगळे एकाच टोळीत! थंडीच्या दिवसांत हे वेगवेगळ्या जातींचे पक्षी मिळून हिंडतात. जास्त डोळे असले की ससाणा लवकर दिसतो, शिवाय एकाने उडवलेला किडा दुसऱ्याच्या चोचीत जातो. पाच मिनिटांत टोळी पुढे गेली आणि जंगल पुन्हा गप्प. माझी चकली मात्र खाली पडली ती पडलीच.

दुसऱ्या दिवशी विनायक नावाच्या ठिकाणी गेलो. तिथल्या गवताळ कड्यांवर चीर नावाचा लांब शेपटीचा रानकोंबडा राहतो, त्याला पाहायला. दोन तास दबा धरून बसलो. शेवटी आमचा वाटाड्या हळूच म्हणाला, “दीदी, ये लाल स्वेटर...” अरे देवा! वर्गात सहलीला जाताना भडक कपडे घालू नका म्हणून सांगणारी मीच, आणि अंगात टोमॅटोसारखा स्वेटर! चीर काही दिसला नाही. स्वेटरमुळेच दिसला नाही, असं मी म्हणणार नाही, पण वाटाड्याचा चेहरा तसंच म्हणत होता.

खरी गोष्ट पुढेच आहे. नैनितालच्या वर शेर-का-डांडा नावाची डोंगराची धार आहे. १८७६ साली तिथे एक छोटा लावा मिळाला. नर गडद राखाडी, चोच लाल, पाय लाल, मादी तपकिरी. त्याआधी हा पक्षी मसुरीच्या आसपासही सापडला होता. शास्त्रज्ञांनी त्याला पहिल्यांदा नाव दिलं १८४६ साली. म्हणजे ओळख झाली आणि अवघ्या ३० वर्षांत तो दिसेनासा झाला! १८७६ नंतर खात्रीलायक नोंद नाही. संग्रहालयांत जेमतेम डझनभर नमुने आहेत, तेवढेच.

तो गेला, असं मात्र अजून कुणी ठामपणे म्हणत नाही. कारण त्याची सवयच तशी होती. उभ्या उतारांवरच्या उंच गवतात पाच-सहा जणांचा थवा दडून बसायचा आणि पाय अगदी अंगावर पडेपर्यंत उडायचाच नाही. अशा पक्ष्याला शोधायचं कसं?

तुम्ही म्हणाल, बाई, दीडशे वर्षांनी कुठला सापडतोय! तर ऐका. आपला रानपिंगळा १८८४ नंतर कुणाला सापडला नव्हता. पुस्तकांतून तो जवळजवळ गेल्यातच जमा झाला होता. आणि १९९७च्या नोव्हेंबरात तो पुन्हा दिसला, तोही कुठे? आपल्या महाराष्ट्रात, शहाद्याजवळच्या जंगलात! मध्ये ११३ वर्षं गेली होती. तिथल्या आदिवासींना मात्र त्याचा आवाज रोज येत असेल, असं मला आपलं वाटतं.

परतायच्या दिवशी मी एका उतारावरच्या पायवाटेनं बरीच चालले. या खेपेला स्वेटर मातकट होता, वाटाड्याकडून मागून घेतलेला. काहीच उडालं नाही.

सुट्टीनंतर हे सगळं वर्गात सांगितलं. तिसरीतली एक मुलगी कधी नव्हे ती हात वर करून म्हणाली, “बाई, तुम्ही पायवाटेवरूनच चाललात ना? मग तो बाजूच्या गवतात बसला असेल तर?”

गवत माझ्या कमरेएवढं होतं, मुलांनो.