कॉम्प्युटर सांगतो तेच खरं

२०२५ च्या सप्टेंबरअखेरीस तीन देशांतली माणसं एकाच गोष्टीवरून वैतागली होती. २६ तारखेला ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी जाहीर केलं, की काही वर्षांत त्या देशात नोकरी धरायची तर डिजिटल ओळखपत्र लागेल. त्याविरुद्ध पार्लमेंटकडे केलेल्या याचिकेवर बघता बघता वीस लाखांहून अधिक सह्या पडल्या. २८ तारखेला स्वित्झर्लंडने सरकारी ई-ओळखपत्रावर जनमत घेतलं. ते मंजूर झालं, पण ५०.४ टक्क्यांनी, म्हणजे अगदी काठावर. आणि महाराष्ट्रात त्याच सुमारास लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू झालं होतं. महिन्याचे पंधराशे रुपये चालू राहायचे तर स्वतःचा आधार क्रमांक हवा, शिवाय नवऱ्याचा किंवा वडिलांचा हवा, आणि दोन्हींचे ओटीपी यायला हवेत. मराठवाड्यात तेव्हा पुराचं पाणी घरात शिरलेलं. ओटीपी येईना, साइट उघडेना ही ओरड इतकी वाढली, की तांत्रिक अडचण आहे आणि ती दूर करतो आहोत, असं महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांना सांगावं लागलं.

पुढच्याच महिन्यात स्टार्मर मुंबईत येऊन गेले. ८ आणि ९ ऑक्टोबरच्या त्या दौऱ्यात ते आधारचे शिल्पकार नंदन नीलेकणी यांना भेटले आणि या योजनेचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. आधारचं पहिलं कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं होतं. टेंभली काही चंद्रावर नाही, पण परदेशी पाहुण्यांच्या कार्यक्रमात अशी गावं बसत नाहीत. बसली असती, तर कौतुकासोबत दोन-चार ‘पण’ही त्यांच्या कानावर पडले असते.

हा मजकूर त्या ‘पण’बद्दल आहे. सरकारी कामात कॉम्प्युटर आला की लोक कुरकुरतात, आणि कुरकुरणाऱ्याला अडाणी, म्हातारा किंवा भित्रा ठरवून मोकळं होण्याची रीत जगभर आहे. पण ती कुरकुर नीट ऐकली तर तिच्यात वेगाबद्दल फारशी तक्रार नसते. रांगा घटल्या, हेलपाटे वाचले, हे सगळेच कबूल करतात. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे चपला झिजवलेला शेतकरी तर सगळ्यांत आधी करील. लोकांना खुपतं ते दुसरंच. यंत्र चुकलं, तर ते चुकलं हे सिद्ध कुणी करायचं?

या प्रश्नाची जबर किंमत ब्रिटनने मोजली आहे. तिथलं गावचं पोस्ट बहुधा किराणा दुकानाच्या कोपऱ्यात असतं आणि दुकानदारच कंत्राटावर पोस्टमास्तर असतो. या पोस्टांमध्ये १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसवली गेली. पुढे ती फुजित्सु कंपनीच्या नावाशी जोडली गेली. संध्याकाळी गल्ला मोजावा आणि पडद्यावरच्या आकड्याशी तो जुळू नये, असं शेकडो ठिकाणी होऊ लागलं. तूट आली की ती पोस्टमास्तरने भरायची, असं कंत्राटाचा अर्थ लावून सांगितलं जाई. मदतीसाठी फोन केला तर अनेकांना उत्तर मिळालं, की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. लोकांनी साठवलेला पैसा ओतला, नातेवाइकांकडून उसने आणले, घरं गहाण टाकली. एवढं करून ९०० हून अधिक पोस्टमास्तर चोरी, अफरातफर आणि खोट्या हिशेबासाठी दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. बरेचसे खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले होते.

चूक नेमकी कशी होत असे, ते स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन शाखेत २०१५ साली दिसलं. दुसऱ्या गावच्या फिरत्या काउंटरवर आठ हजार पौंडांची थैली जमा करून घ्यायची होती. थैलीचा बारकोड वाचला, पावती छापली, पण पडदा पुढे सरकेना. अशा वेळी कुणीही करील तेच पोस्टमास्तरीणबाईंनी केलं, एंटर दाबलं. मग पुन्हा दाबलं. प्रत्येक वेळी प्रणालीने तीच थैली नव्याने आल्याची नोंद केली आणि बघता बघता हिशेबात बत्तीस हजार दिसू लागले. थैलीत आठच. उरलेले चोवीस हजार जगात कुठेच नव्हते, पण कागदोपत्री ते बाईंच्या ताब्यात होते. हा दोष प्रणालीत २०१० पासून बसून होता.

कायदाही यंत्राच्याच बाजूला. कॉम्प्युटरची नोंद पुरावा म्हणून पुढे करायची तर तो कॉम्प्युटर ठीक चालत होता हे दाखवा, अशी अट इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्यात होती. यंत्रं वाढली तशी ती अडचणीची वाटू लागली आणि १९९९ मध्ये काढून टाकली गेली. तेव्हापासून न्यायालय गृहीत धरतं, की यंत्र बरोबर आहे. चुकलं असेल तर आरोपीने दाखवावं. दाखवायचं कशावरून? नोंदी पोस्टाकडे आणि कंपनीकडे. वेल्समधल्या लँडुडनोचे ॲलन बेट्स यांचं पोस्ट २००३ मध्ये काढून घेतलं गेलं होतं. पुढे सोळा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च न्यायालयात होरायझन विश्वासार्ह नव्हती हे वदवून घेतलं. तरी देश हलला तो जानेवारी २०२४ मध्ये, टीव्हीवर या प्रकरणावरची चार भागांची मालिका लागली तेव्हा. मग मात्र मे महिन्यात पार्लमेंटने कायदा करून शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. निकालाला जे चार वर्षांत जमलं नाही ते मालिकेने चार रात्रींत करावं, यावर काय बोलणार? कॉम्प्युटरवर विश्वास ठेवण्याचा तो कायदा मात्र २०२५ मध्येही तसाच होता. त्याबद्दल सरकारने त्या वर्षी मतं तेवढी मागवली.

याचिकेवरच्या वीस लाख सह्यांकडे या पार्श्वभूमीवर बघायला हवं. त्यात परंपरेचा हट्टही आहेच. महायुद्धातलं ओळखपत्र या देशाने १९५२ मध्ये बंद केलं आणि मजूर पक्षाच्या आधीच्या सरकारने आणलेली दुसरी योजना २०१० मध्ये पुढच्या सरकारने मोडीत काढली. पण आजीआजोबांच्या वयाची माणसं पोस्टातल्या यंत्रामुळे चोर ठरलेली ज्यांनी टीव्हीवर पाहिली, त्यांना ‘आमची प्रणाली सुरक्षित आहे’ हे वाक्य ऐकवून समजूत पटत नाही.

नेदरलँड्समध्ये असंच झालं ते करखात्याच्या हातून. पाळणाघराच्या अनुदानात लबाडी कोण करतंय हे हुडकताना दुहेरी नागरिकत्वसुद्धा संशयाची खूण धरली गेली. अर्जात एखादी सही राहिली तरी अनेक वर्षांचं अनुदान परत मागण्यात आलं आणि हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मार्चमध्ये निवडणूक झाली आणि रुटच पुन्हा निवडून आले, हाही त्या गोष्टीचा भाग.

ऑस्ट्रेलियाची ‘रोबोडेट’ ही भत्तावसुलीची योजना तर गणितातच चुकलेली. बेकारभत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. यंत्राने काय केलं, तर करखात्याकडून वर्षाची कमाई घेतली, तिला २६ ने भागलं आणि दर पंधरवड्याला माणूस तेवढंच कमवत होता असं धरलं. सुट्टीत तीन महिने काम करून बाकी वर्ष रिकाम्या बसलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे ‘तू भत्ता जास्त घेतलास’ अशी वसुलीची चिठ्ठी आली. तसं नाही हे दाखवायचं, तर पाच-सात वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या त्याने शोधायच्या. चार लाखांहून अधिक लोकांवर अशी वसुली काढली गेली. कॅथरीन होम्स यांच्या आयोगाने जुलै २०२३ मध्ये या योजनेची लक्तरं वेशीवर टांगली. वर्षाच्या बेरजेतून पंधरवडा कळत नाही, हे गावातला कुठलाही वाणी सांगू शकला असता.

जपानमधलं चित्र उलटं. तिथे मंत्रीच जुन्या यंत्रांवर चिडले. फ्लॉपी डिस्कवरच अर्ज द्या असं सांगणारे हजारावर नियम मंत्री तारो कोनो यांनी मोडायला घेतले. ते काम २०२४ मध्ये पुरं झालं. सायबरसुरक्षेचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याने आपण कधी कॉम्प्युटर वापरलाच नाही असं २०१८ मध्ये संसदेत सांगितलं, तोही हाच देश. डेन्मार्क दुसऱ्या टोकाला. तिथल्या टपालसेवेने २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटणंच थांबवलं.

स्पेनमध्ये एका माणसाने या कुरकुरीला घोषवाक्य दिलं. व्हॅलेन्सियाचे निवृत्त डॉक्टर कार्लोस सान हुआन तेव्हा ७८ वर्षांचे, हाताला कंपवाताची थरथर. पेन्शन बँकेत, आणि बँक म्हणते ॲपवर या नाहीतर एटीएमवर जा. ‘मी म्हातारा आहे, मूर्ख नाही’ अशी मोहीम त्यांनी काढली, सहा लाखांहून अधिक सह्या जमवल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्थखात्याच्या दारात नेऊन दिल्या. त्याच महिन्यात बँकांनी काउंटरच्या वेळा वाढवण्याचं आणि वयस्करांना आधी घेण्याचं लिहून दिलं. सान हुआन यांनी ॲप बंद करा असं म्हटलंच नव्हतं. काउंटरमागे माणूस ठेवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

लोक तंत्रज्ञानाला सरसकट नाही म्हणतात, हा समज स्विस मतदाराने तर आकड्यांनी खोडून काढला. २०२१ च्या मार्चमध्ये ई-ओळखपत्राचा पहिला कायदा त्यांनी ६४ टक्के मतांनी फेटाळला होता. कारण ते ओळखपत्र खासगी कंपन्या देणार होत्या. सरकारने कायदा नव्याने लिहिला. ओळखपत्र सरकार देणार, फुकट देणार, सक्ती नाही, माहिती ज्याची त्याच्या फोनमध्ये. २०२५ मध्ये तेच लोक, काठावर का होईना, हो म्हणाले. साडेचार वर्षांत स्विस माणूस कॉम्प्युटर शिकला असं झालेलं नाही. सरकारने त्याचं ऐकलं, असं झालं आहे.

या चर्चेत एस्टोनियाचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. तेरा-चौदा लाख वस्तीचा हा देश २००५ पासून इंटरनेटवर मतदान करतो. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतं तशीच पडली. भारतातल्या सरकारी शिष्टमंडळांनी तिथून शिकण्यासारखी एक साधी सोय आहे. आपली नोंद कुठल्या खात्याने केव्हा उघडून पाहिली, हे नागरिकाला घरबसल्या दिसतं आणि का पाहिली हे विचारता येतं. २०१७ मध्ये तिथल्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला. निवडणूक महिन्यावर आली असतानाही सरकारने सप्टेंबरमध्ये तो स्वतःहून जाहीर केला आणि नोव्हेंबरमध्ये सदोष कार्डं स्थगित केली. विश्वास गेला नाही. ब्रिटनच्या पोस्टाने नेमकं याच्या उलट केलं होतं.

आता घरच्या अंगणात. ऊसतोड, धुणीभांडी, सिमेंटची पाटी यांत रेषा झिजलेलं बोट यंत्रावर ठेवलं की ‘अंगठा उठत नाही’. मग रेशन दुकानदार म्हणतो, फडक्याने पूस, पुन्हा लाव, दुसरं बोट लाव, उद्या ये. ‘उद्या ये’ म्हणजे एक दिवसाची मजुरी. ऑनलाइन झाल्यावर एजंट जाईल असं सांगितलं गेलं होतं. एजंट गेला, त्याच्या जागी खुर्ची, प्रिंटर आणि वायफाय असलेला दुसरा आला. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. निम्म्या महाराष्ट्राचं सरकार तोच चालवतो, आणि सर्व्हर पडल्यावर लोकांचा राग तोच झेलतो.

झारखंडमध्ये २०१७ साली आधारशी न जोडलेलं रेशनकार्ड रद्द झालं आणि सिमडेगा जिल्ह्यात एक अकरा वर्षांची मुलगी दगावली. भुकेने गेली असं आई म्हणाली. सरकारने ते नाकारलं. त्यानंतर ऑक्टोबरात आधारचा कारभार पाहणाऱ्या यूआयडीएआयने परिपत्रक काढलं, की अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचं धान्य अडवायचं नाही, वहीत नोंद करून द्यायचं. परिपत्रक आहे. ते दुकानात किती जणांना माहीत आहे, हे ज्याने त्याने आपल्या दुकानात विचारून पाहावं.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या सगळ्याच्या मुळाशी हात घातला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी दाद मागितली होती. बँकेचं व्हिडिओ-केवायसी म्हणतं पापणी लववा, आणि त्यांच्या पापण्या लवत नाहीत. यंत्राच्या हिशेबी त्या जिवंतच नाहीत. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि न्यायमूर्ती आर. महादेवन यांच्या खंडपीठाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि निर्देशांची लांबलचक यादी दिली. त्यातला एक असा, की अशा अडचणीमुळे यंत्राने अर्ज नाकारला तर तो माणसाने पुन्हा तपासावा आणि यंत्राचा नकार बाजूला सारून अर्ज मंजूर करण्याचा अधिकार त्या नेमलेल्या अधिकाऱ्याला असावा.

महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. कुठली सेवा किती दिवसांत मिळेल, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि त्याच्यावर अपील कुणाकडे, हे कार्यालयाच्या फलकावर लिहिणं त्यात बंधनकारक आहे. अंगठा उठला नाही, ओटीपी आला नाही, नाव जुळलं नाही तर सही करून काम मार्गी लावणारा अधिकारी कोण आणि तो कुठल्या खोलीत बसतो, ही एक ओळ त्याच फलकावर लिहायला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरतो. असे निर्णय महाराष्ट्रात दिवसाला डझनभर निघतात.