झाडीची बोली विनोदापुरतीच?

केरळच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचे जीवन, त्यांच्या सागरावरील श्रद्धा आणि समाजाचे कडक निर्बंध यांवर आधारलेला ‘चेम्मीन’ हा मल्याळी चित्रपट १९६५ साली आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याने पटकावले. दक्षिणेकडील चित्रपटाला हा मान प्रथमच मिळत होता. पुढे २०१९ साली कोचीजवळच्या एका खेड्यातील चार भावांची कथा सांगणारा ‘कुंबळंगी नाइट्स’ही देशभर वाखाणला गेला. असे चित्रपट पाहून मराठी रसिक हळहळतो, ‘आपल्याकडे आपली माती पडद्यावर कधी येणार?’

पडद्याचे राहू द्या. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या प्रदेशात ही माती दरवर्षी रंगमंचावर अवतरते. दिवाळीनंतर मंडई भरू लागते आणि होळीपर्यंत गावोगावी झाडीपट्टीची नाटके रंगतात. शेतात उभारलेला मंच, कडाक्याची थंडी, रात्री उशिरा उघडणारा पडदा आणि पहाटेपर्यंत न हलणारा प्रेक्षक! नाटकाच्या निमित्ताने माहेरवाशिणी येतात, घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठतात, एखादी सोयरीकही जुळते. देसाईगंज-वडसा येथे नाट्यमंडळांची कार्यालये आहेत. कलावंतांपासून मंच-ध्वनिव्यवस्थेपर्यंत अनेकांच्या चुली या हंगामावर पेटतात. बहुतेक मंडळे तिकीटविक्रीवर उभी आहेत. शासकीय अनुदानाकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरी नाट्यसृष्टीने याची नोंद घ्यायला हवी.

दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या कुशीत वाढलेल्या या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. हा सन्मान उचितच. पण त्याच वेळी एक अवघड प्रश्न समोर येतो. या नाटकांतील नायक, नायिका आणि करारी बाप बहुधा प्रमाण मराठी बोलतात. ‘ण’चा ‘न’ करणारी झाडीबोली मात्र विनोदी पात्राच्या वाट्याला येते. ज्या बोलीत समोरचा प्रेक्षक लेकीला निरोप देतो, सावकाराशी भांडतो, मेलेल्यासाठी रडतो, ती रंगमंचावर आली की हशा पिकतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचे स्वतंत्र वैभव कष्टाने दाखवून दिले, तरीही!

मल्याळी पडद्याची गोष्ट नेमकी येथे वेगळी ठरते. त्रिशूरचा उच्चार, कोझिकोडचा लहेजा तेथे गंभीर प्रसंगातही ऐकू येतो आणि प्रेक्षक हसत नाही. झाडीपट्टीच्या लेखकांना ते अशक्य आहे काय? मुंबई-पुण्याचे मालिकांतील चेहरे आणून गर्दी खेचण्याची ओढ मंडळांना लागली आहे. व्यवसायाची अडचण समजण्यासारखी आहे, तथापि त्या पाहुण्या नटीच्या तोंडी झाडीबोली येणार कशी?

झाडीपट्टीचे विश्व २०२२च्या ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने पडद्यावर आणले, हे स्वागतार्हच. आता एखाद्या हंगामात, ब्रह्मपुरी किंवा सिंदेवाहीकडच्या मंडईत, शोकाकुल आई झाडीबोलीत बोलली तर मंडप गप्प होतो की हसतो, हे कोणीतरी एकदा आजमावून पाहावे.