दगडी पाला आणि कांचेची थाळी

मैदानावर खेळतांना गुडघा फुटला, कीं कोणी तरी सोबती कुंपणाशीं उगवलेला दगडी पाला ओरबाडतो, तळहातावर चुरडतो व त्याचा हिरवा रस जखमेवर पिळतो. बाळपणीं आम्हींही तेंच केलें. हा उपाय ऋषिमुनींपासून चालत आला असावा, अशी पुष्कळ पालकांची समजूत आहे. परंतु ही वनस्पति मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील!

यंदां वरच्या वर्गांतील कांहीं उत्साही विद्यार्थ्यांनीं असा आग्रह धरला कीं, पिकलेल्या जखमेंतील पू आणून त्यांतील जंतूंवर या पाल्याची परीक्षा शाळेंतच करावी. आम्हीं नकार दिला. मुलें हिरमुसलीं, व एका पालकांनीं आम्हांस देशी औषधांचे वैरी ठरविलें. म्हणून हा खुलासा.

अशी परीक्षा वैद्यकीय प्रयोगशाळांत होत असते, व ती अवश्य व्हावी. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालीं लागला; पुढें त्यास न जुमानणाऱ्या जंतूंसाठीं मेथिसिलिन आलें, तर १९६१ सालींच त्यासही दाद न देणारे जंतु इंग्लंडांत आढळले. तेव्हां नवें औषध कुंपणाशीं सांपडलें, तर कोणास नको आहे?

पद्धति अशी. समुद्रशेवाळापासून काढलेल्या आगर नामक पदार्थाचा थर कांचेच्या थाळींत देऊन त्यावर जंतु पसरतात. थरास छिद्रें पाडून एकांत पानांचा अर्क, दुसऱ्यांत एखादें ठाऊक औषध व तिसऱ्यांत, अर्क ज्यांत काढला तो नुसता मद्यार्क घालतात. मद्यार्क स्वतःच जंतु मारतो. तिसरें छिद्र नसेल, तर श्रेय पानाचें कीं मद्यार्काचें, हें कोणीं ठरवावें? थाळी ३७ अंश उष्णतेंत रात्रभर ठेवली, कीं जेथें जंतु वाढले नाहींत तेथें स्वच्छ वर्तुळ दिसतें.

परंतु वर्तुळ म्हणजे औषध नव्हे. लसणाचा रस थाळींत मोठें वर्तुळ उमटवितो, व तोच कच्चा लसूण कातडीवर बांधला तर भाजल्यासारखे फोड उठवितो. उलट हळदींतील मुख्य द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तें आगरांत पसरणार कसें? त्याचें वर्तुळ लहान दिसलें, तरी हळद निरुपयोगी ठरत नाहीं. आणि सर्वांत भयंकर गोष्ट ही, कीं मातीनें माखलेल्या पाल्याबरोबर धनुर्वाताचे जंतु जखमेंत जाऊं शकतात. ते हवेंत वाढत नाहींत. म्हणून उघड्या हवेंतील थाळींत ते दिसतही नाहींत! जखम साबण-पाण्यानें धुवावी व धनुर्वाताच्या लसीविषयीं वैद्यांस विचारावें, हा आमचा हट्ट त्यासाठींच आहे.

राहिला शाळेचा प्रश्न. पुवांतील जंतु लक्षावधींनीं वाढवून मुलांच्या हातीं देणें, यास आम्ही विज्ञान म्हणत नाहीं. त्याऐवजीं आम्हीं त्यांस पावाचें यीस्ट, साखरेचें पाणी व दोन पेले दिले आहेत. एका पेल्यांत लसणाचा रस, दुसऱ्यांत तितकेंच साधें पाणी. फेस कोठें किती चढतो, तें मोजावयाचें. दुसरा पेला कशासाठीं, हें प्रत्येकानें आधीं आपल्या आजीस समजावून द्यावें, एवढीच आमची अट आहे.